बाजूची सीट

"आरसा," ती म्हणाली.

घड्याळजींचा किल्लीवरचा हात थांबला. मधला आरसा त्यांनी नीट लावला होता, उजवीकडचाही बघून झाला होता. डावीकडचा मात्र बायकोला आधार देऊन आत बसवताना कोपराच्या धक्क्यानं वाकडा झाला होता, आणि त्यात आता फक्त आभाळ दिसत होतं. ते उतरले, पलीकडे जाऊन तो सरळ करून आले.

"आता?"

तिनं मान हलवली. डोक्यातल्या रक्ताच्या गाठीनं तिचं डावं अंग लुळं केलं होतं आणि जीभ जड. शब्द ओठांवरून सांडत यायचे, म्हणून ती मोजकंच बोलायची. पण शाळेची व्हॅन चालवण्यात तिची हयात गेली होती. अख्ख्या वस्तीची पोरं तिनं सुखरूप नेली-आणली होती. नवऱ्याला स्टिअरिंगचा गंध नव्हता. घड्याळदुरुस्तीचं दुकान, भिंग आणि चिमटा, एवढंच त्यांचं जग.

"बाबा, टॅक्सी करा की. या वयात कशाला हा खटाटोप?" असं मुलगी फोनवर म्हणाली होती. पण टॅक्सीवाले तिच्या कुबडीकडे बघून घाई करायचे. दार उघडून नुसते वाट बघत उभे राहायचे. ते घड्याळजींना सोसवेना. म्हणून ते क्लासला गेले, परीक्षा दिली आणि परवाना खिशात घालून मोठ्या तोऱ्यात घरी आले. "चल, आता मीच नेतो तुला व्यायामाला."

तिनं परवाना उजव्या हातात धरला, फोटो बघून हसली आणि परत दिला. "कागद आला," ती म्हणाली. "हात... कुठं आलाय?"

ते चार दिवस रुसून बसले, आणि मग मुकाट पुन्हा क्लासला गेले. शिकवणारी पोरगी त्यांच्या मुलीच्याच वयाची, पण तिच्याकडे गय नव्हती. "काका, बॉनेटवर काय सांडलंय? पार पुढे बघा, लांब!" वीतभर अंतरापलीकडे कधी न गेलेली ती नजर लांब टाकायला शिकवता शिकवता बिचारीचा घसा बसला. शेवटच्या दिवशी तिनं एकच गोष्ट बजावली. "जिथलं दिसत नाही, तिथे कुणीतरी आहे असंच धरून चालायचं."

आज बायको पहिल्यांदा बाजूच्या सीटवर बसली होती. पट्टा तिच्या खांद्यावरून त्यांनी ओढून दिला, पण खटका तिनं आपल्या हातानं लावला. वेळ लागला. घड्याळजी थांबले.

गाडी निघाली. पहिल्या वळणापर्यंत दोघंही श्वास रोखून बसली होती. गिअर एकदा करकरला तेव्हा तिनं डोळे मिटले. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर पुढे एक बस थांब्यावर उभी राहिली. माणसं उतरत होती, चढत होती. उजवीकडून जायला जागा होती. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

घड्याळजींनी बायकोकडे बघितलं. ती समोर बघत होती. सांगणार नव्हती, हे त्यांना कळलं.

व्यायामाच्या बाई वेळेच्या पक्क्या होत्या. उशीर झाला की बोलायच्या, आणि बोलणी बायकोला खावी लागायची. त्यांनी उजवीकडे बघितलं, मग बसच्या पुढच्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

स्कूटरवाला बाजूनं पुढे आला, खिडकीत वाकला. "काका, पायी गेलात तर लवकर पोहोचाल!"

"पोहोचू, पोहोचू," घड्याळजी म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

तो भुर्रकन निघून गेला. थोड्या वेळानं बस हलली. थांब्यासमोरचा रस्ता रिकामा होता. कुणी आडवं आलं नाही, साधं मांजरसुद्धा नाही. घड्याळजींना उगीच फजिती झाल्यासारखं वाटलं.

"बरोबर केलंत," ती म्हणाली.

"अगं, पण कुणीच नव्हतं की तिथे."

"नव्हतं." तिनं पुढचे शब्द एकेक करून गोळा केले. "हे... आत्ता कळलं ना?"

व्यायामाला उशीर झालाच. बाई बोलल्या. घड्याळजींनी ते स्वतःवर घेतलं, आणि बायको आत गेल्यावर बाकावर बसून घामेजलेले तळवे पँटला पुसले.

परतीला उन्हं उतरली होती. व्यायामानं ती दमली होती. रस्ता मोकळा होता आणि घड्याळजींना पहिल्यांदाच बोलायचं सुचलं. "उद्या त्या पुलावरून जाऊ या का? तिकडे गर्दी कमी असते म्हणे. की आधी मी एकटा जाऊन बघून येऊ? क्लासवाल्या पोरीला विचारतो, ती म्हणेल तसं."

उत्तर आलं नाही. "काय गं?" तरीही नाही. मग शेजारून एक बारीक, संथ घोरणं ऐकू आलं.

वळून बघावंसं फार वाटलं. त्यांनी बघितलं नाही. पुढे सायकलवर कुणीतरी चाललं होतं, त्याला त्यांनी भरपूर जागा सोडली. चौकातला दिवा लाल झाला. गाडी सावकाश आणून पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि मग त्यांनी मान वळवली.