बिनवायरीची हुशारी

योगीराजनं सोलापूरहून बोटाएवढा वाय-फाय अडॅप्टर आणला आणि कॉम्प्युटरची चांगली चालणारी नेटची वायर उपटून पलंगाखाली फेकली. "वायरी लोंबत्यात घरात, लेकरू अडकंल. तुला न्हाय कळायचं त्यातलं," असं बायकोला ऐकवून तो अडॅप्टर लावत बसला. राजेश्वरीची शिकवणीच्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत तोंडावर आली, तरी नेट काही लागेना. शेवटी "तामलवाडीत रेंजच भिकार," असं गावालाच नावं ठेवून साहेब चहाला बाहेर पडले.

राजेश्वरीनं पलंगाखालून वायर ओढली, पुन्हा जोडली आणि तान्ह्या लेकीला, आरोहीला, मांडीवर घेऊन मुलाखत दिली. तिथल्या तिथं निवड झाली.

बातमी कळताच योगीराज परतला. आत डोकवायची तसदीही न घेता ओट्यावर मित्रांना सांगत बसला, "म्या अडॅप्टर बसवला म्हणून झालं हिचं काम. त्या जुनाट वायरीवर कुठं व्हतंय असलं?"



आत राजेश्वरीनं आरोहीच्या मुठीतून अडॅप्टर सोडवला, त्यावरची लाळ पुसली आणि ती म्हणाली, "तोंडात न्हाय घालायचं बाळा, बाबांचं खेळणं हाय ते."