बोर्डावरची रिकामी जागा

“बाईमाणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही, हेरगिरी तिचं काम नव्हे.” वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, हे म्हटलं तेव्हा विद्युल्लता फ्रॉकात होती; पण नारपोलीतल्या लूमच्या खडखडाटातही तो आवाज तिला अजून ऐकू यायचा. दारावर बोर्ड होता, ‘ठोसर आणि मुलगे, खाजगी गुप्तहेर’. त्यावर बसलेली कापसाची भुकटी रोज तीच पुसायची, आणि शेवटच्या रिकाम्या जागेवर तिचं बोट जरा रेंगाळायचं.

सत्याऐंशी साली घरापुढे एकच केस होती: विद्युल्लतेचं लग्न वर्षानुवर्षं कोण मोडतंय? स्थळ आलं, की भाऊ जोशीबुवा होऊन, थोरला प्रभाकर केळीवाला होऊन आणि धाकटा सुधीर मिशी चिकटवून कल्हईवाला होऊन मुलाच्या दारात चौकशीला जायचे. आणि दरवेळी कुणीतरी मुलाकडच्यांना आधीच सांगून ठेवायचं, “उद्या येणारा केळीवाला मुलीचा सख्खा भाऊ आहे हो!” की स्थळ पळालंच.

तिघांनी दूधवाल्यावर पाळत ठेवली, खारबावच्या मावशीचीही उलटतपासणी घेतली. शेवटी भाऊ झोपाळ्यावर मट्कन बसले. “आपल्या तिघांना पुरून उरलाय रे, प्रभाकर. सापडू दे, बोर्डावर नाव घालतो त्याचं, शपथ!”

मेथी निवडता निवडता विद्युल्लतेने मान वर केली.



“घाला मग, भाऊ. विद्युल्लता ठोसर. आणि इतकी वर्षं गोष्ट पोटात राहिली की नाही, तेवढं सांगा!”