पुकारलेलं छप्पर

जुन्नरकडच्या मिशनच्या शाळेनं शंभरी गाठली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात नव्या छपरासाठी स्पीकरवर देणग्या पुकारल्या गेल्या. टोमॅटोचे व्यापारी पप्पूशेठ यांच्या मेव्हण्यानं एकवीस हजार पुकारले, तसे शेठ उठले आणि एक्कावन्न पुकारून बसले. टाळ्या थांबेनात. वसईहून नुकतेच बदलून आलेले फादर रुमाव इतके हरखले, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुनी कौलं उतरवून घेतली.

दोन महिने झाले, चौथीचा वर्ग चर्चच्या बाकांवर भरू लागला, तरी कुणाचेच पैसे येईनात. शेवटी फादर नारायणगावला शेठच्या गाळ्यावर गेले.

“फादर, तुमी या भागात नवीन,” शेठ मायेनं म्हणाले. “समोर मेव्हणा बसला व्हता. स्पीकरवर पुकारत्यात त्यो मान असतो. द्यायचं ते सवडीनं. च्या घ्या.”

फादरांनी चहा घेतला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी स्पीकरवर पुकारलं, की चौथीच्या वर्गाला पप्पूशेठच्या वडिलांचं नाव दिलं आहे.

पुढच्याच रविवारी शेठ मेव्हण्याला जीपमध्ये घालून वडिलांच्या नावाची पाटी दाखवायला घेऊन आले. वर आभाळ होतं आणि भिंती कोऱ्या होत्या.

“फादर, पाटी न्हाई लावली व्हय?” शेठनी हळूच विचारलं.

“समोर सगळं गाव बसलं होतं, शेठ,” फादर मायेनं म्हणाले. “तो मान होता. पाटी सवडीनं. चहा घ्या.”