सतराची नोट

मी थापाड्या म्हणून गावभर बदनाम आहे, पण हे ऐकाच.

माझ्या मेव्हण्यांना विचित्र रकमेच्या नोटांचा नाद. तीनची, पंधराची, पंचेचाळीसची. देशोदेशीची प्रत्येक नोट ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवत. "हवा लागली की नोट मेली," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

मंगळवारी सतराची नोट आली. मेव्हण्यांनी ती खिडकीतल्या उजेडात धरली. एरवी नोटेत जिथे उजेडात छुपा चेहरा दिसतो, तिथे नुसताच पांढरा गोल होता.

"जागा रिकामी आहे," ते हसत म्हणाले.

माझी धाकटी बहीण चहा घेऊन आली, तेव्हा खिडकीशी त्यांच्या चपला होत्या आणि जमिनीवर नोट. तिने नवऱ्याच्या शिस्तीप्रमाणे नोट आधी पाकिटात बंद केली, मग हाका मारल्या.

आज चौथा दिवस. "दादा, विकून टाक ती अवदसा," बहीण म्हणाली.

मी पाकीट उजेडात धरलं. गोलात मेव्हणे होते, चष्म्यासकट. तोंड उघडं.

प्लास्टिक आतून धुरकटलं. त्या वाफेवर तांदळाएवढा पंजा उमटला.

मी नखाने चिकटपट्टी उचकटू लागलो. बहिणीने हात धरला.

"अरे, उघडतोस काय! हवा लागेल."

पंजा पुन्हा उमटला. या वेळी बराच खाली.