मंगळावरची शलाका

मंगळावर राहणाऱ्या लेकीचा, शलाकाचा निरोप आला, पण पडद्यावर तिचा चेहरा पुसटच दिसत होता. कुमुदताईंनी दुरुस्तीवाल्या इरफानला बोलावलं. त्यानं सेटिंग बदललं आणि चित्र लख्ख झालं.

"आता बघा, काकू."

कुमुदताई बघतच राहिल्या. जाताना होती तशीच, पंचविशीतली शलाका बोलत होती.

"अरे, पण ती आता चाळिशीला आली ना?"

"इतक्या लांबून चित्र अर्धवटच येतं, काकू. उरलेलं यंत्र जुन्या फोटोंवरून भरून काढतं."

"मग ते बंद कर बाबा."

चेहरा पुन्हा धूसर झाला. कुमुदताई खुर्ची ओढून पडद्याला अगदी खेटून बसल्या आणि त्या पांढुरक्या ठिपक्यांत लेकीचे पिकलेले केस शोधू लागल्या.