पाहुण्याचा थाट

अमृतचं जावळ उतरलं, मामाच्या मांडीवरून पोरगं आजीच्या कडेवर गेलं, आणि मांडवातल्या बायकांनी सुकन्याला घेरलं. नाव घे! नाव घेतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही!

सुकन्या लाजल्यासारखी हसली. लाजतेय कसली! याच घटकेची ती कधीपासून वाट बघत होती. उखाणा तिनं स्वतः जुळवला होता. भांडी घासताना, पोराला तेल लावताना घोकून पाठ केला होता. 'चांदीच्या वाटीत खीर केली दाट, कल्याणरावांचा स्वतःच्याच घरात पाहुण्याचा थाट!' सावेडीचं अख्खं माहेर आणि श्रीगोंद्याचं अख्खं सासर एका मांडवात. सगळ्यांदेखत एकदा या नवऱ्याचं नाक कापायचंच, त्याशिवाय तिच्या जिवाला थंडावा नव्हता.

आणि का कापू नये? पोर झाल्यापासून हिच्या हाताला उसंत नव्हती. ताप आला, ही जागी. किरकिरलं, ही उभी. हा बाबा साखर कारखान्यातून यायचा, ताटावर बसायचा, जेवायचा आणि मोबाईल उघडायचा. 'दमलीस का' असं कधी विचारेल? छे, नाव नको! बायको म्हणजे त्याला छताचा पंखा. फिरतोय तोवर वर बघतंय कोण?

"थांबा गं, आधी गडी!" कल्याणची आत्या लंकाबाई मधेच ओरडली. "ह्यानं लग्नातबी नाव घ्यायचं टाळलं हुतं. आज सोडायचं न्हाई त्याला."

सुकन्या आधी चरफडली, मग खूश झाली. घे बाबा, तू चारचौघांत ततपप कर. वरून माझा घाव बसेल.

पत्रावळ्या मांडणारा कल्याण तसाच उभा राहिला. कान लालभडक. खाली बघत एका दमात म्हणाला,

"लेकराला ऊन घास, हिच्या ताटात गार भाकर,
सुकन्याच्या जिवावर माझ्या संसारात साखर."

मांडव दणाणला. सुकन्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. लंकाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. आता खीर, वाटी, थाट, सगळं सुकन्याच्या घशातच अडकलं. यावर ते म्हटलं तर तीच वाईट दिसली असती. तिनं लग्नातला कुठलासा जुना उखाणा कसाबसा म्हणून टाकला आणि सुटका करून घेतली.

पण आत नुसता भडका उडाला होता. म्हणजे गार भाकर त्याला दिसत होती! रोज दिसत होती! आंधळा असता तर एक वेळ माफ केलं असतं. बघून गप्प बसणाऱ्याला सोडायचं नाही, अजिबात नाही.

तिनं त्याला मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"चार लोकांत टाळ्या घेता! एवढं दिसतं, तर घरी तोंडाला काय कुलूप लावता?"

कल्याणनं हातातल्या उरलेल्या पत्रावळ्या टाकीवर ठेवल्या. "घरी कवा बोलू? मी 'सुकन्या' म्हनलं की तू 'काय हवंय' म्हनत उठतीस. पानी आनतीस, मीठ आनतीस, पोराला काखेत मारून चटनी आनतीस. मला कायबी नको आसतं गं. मग मीबी गप मोबाईल घिऊन बसतो. चुकतंच माझं."

सुकन्याला ताटावरच्या त्या हाका आठवल्या. किती वेळा हाक मारली होती त्यानं! आणि दर वेळी ही मिठाची वाटी आपटून परत गेली होती, रागानं, हा माणूस नुसता मागतोच म्हणून.

मांडवातून सासूबाईंची हाक आली. "सुकन्या, भात वाढाय ये गं!"

ती सवयीनं निघालीच होती. मग थांबली. टाकीजवळची बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

"वाढतील दुसऱ्या," ती म्हणाली. "मी उठत नाही. पोर झाल्यापासूनचं सगळं बोला. एक शब्द जरी गिळलात तर बघा!"