बोल्टची उसंत

"ताई, हीच घ्या. पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक, खिशालाही परवडेल. दर गोळीला बोल्ट ओढायला नको, पुढची आपसूक चढते," दुकानदार म्हणाला.

मृणालिनीला तेच हवं होतं. जुन्या रायफलीचा बोल्ट ती ओढत असे, तेवढ्यात शेजारी उभे असलेले आबा चिडवायचे, "ए ढापणे, डोळे मिटून मारलीस का गं?" आबा गेल्यापासून ती उसंतच तिला सोसवत नव्हती. दर खेपेला त्यांचा आवाज यायचा.

दुकानामागच्या रेंजवर तिनं मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या झाडल्या. मधे श्वासापुरतीही जागा उरली नाही.

"बघा! आहे का काही कटकट?" दुकानदार खूश होता.

कटकट नव्हती. आबाही नव्हते. स्मशानातून परततानासुद्धा ते इतके गेलेले नव्हते.